‘खून’ शोधला, ‘खुनाचा’ राहून गेला

‘सदर हार्ड डिस्कमध्ये गुन्ह्याशी संबंधित मजकूर मिळून आला नाही.’ डिजिटल पुराव्याच्या अहवालात हे वाक्य आले की प्रकरणाचा तो कोपरा बंद होतो. तपास अधिकारी दुसऱ्या धाग्याकडे वळतो आणि बचाव पक्ष ते वाक्य अधोरेखित करून ठेवतो. पण ‘मिळून आला नाही’ म्हणजे झाले काय? मजकूर तिथे नव्हता, की तो असूनही सॉफ्टवेअरला कळला नाही? नुसत्या वाक्यावरून हे सांगता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, शोध कसा घेतला याचे टिपण सोबत नसेल तर असले नकारात्मक वाक्य पुरावा म्हणून धरूच नये. मग ते आरोपीच्या सोयीचे असो की फिर्यादीच्या.

शोध चालतो कसा, ते आधी पाहू. जप्त डिस्कची बिट-दर-बिट प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली जाते. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. मग शब्दसूची बनते. सॉफ्टवेअर एकेक फाइल उघडते, तिच्यातला मजकूर बाहेर काढते, मोकळी जागा आणि विरामचिन्हे पाहून त्याचे शब्द पाडते आणि कोणता शब्द कोणत्या फायलीत कुठे आहे याची नोंद ठेवते. एफटीके या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या पोटात हे काम डीटीसर्च करते, ऑटॉप्सी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अपाचे सोलर करते. सूची बनायला कित्येक तास जातात, पण नंतर कोणताही शब्द टाकला की उत्तर क्षणात येते. या वेगातच गोम आहे. आपण डिस्कमध्ये शोधत नसतो, सूचीत शोधत असतो. जे सूचीत चढलेच नाही, किंवा वेगळ्या रूपात चढले, ते त्या शोधापुरते अस्तित्वातच नसते.

आता मराठी घ्या. तपास अधिकाऱ्याच्या मागणीपत्रात शोधशब्दांची यादी असते, आणि त्यात समजा ‘खून’ आहे. सूचीत ‘खून’ टाकला तर फक्त ‘खून’ मिळतो. हुशार माणूस शेवटी तारांकन लावतो, म्हणजे ‘खून’पासून सुरू होणारे सगळे शब्द मागतो. इंग्रजीत एवढ्याने पुष्कळ भागते. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि उपान्त्य दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘खुनाचा’, ‘खुनी’, ‘खुनानंतर’ यांतले एकही रूप ‘खून’ने सुरू होत नाही. ‘जमीन’चे ‘जमिनीचा’ होते, ‘पिस्तूल’चे ‘पिस्तुलाने’, ‘विहीर’चे ‘विहिरीत’. ‘पैसा’चे तर ‘पैशाने’ होऊन व्यंजनच बदलते. मराठी वाक्यात नाम मूळ रूपात येण्यापेक्षा प्रत्ययासकट येण्याचीच सवय जास्त. त्यामुळे केवळ मूळ रूपे शोधणारी यादी अर्धी आंधळी असते. इंग्रजीसाठी अशा साधनांत मूळ रूपावर आणणारी सोय तयार मिळते, पण तिचे नियम इंग्रजी प्रत्ययांचे असतात आणि मराठीला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

यावर ‘ख’ आणि ‘न’ यांच्यामध्ये कोणतेही एक चिन्ह चालेल, असा नमुना द्यायचा मोह होतो. दिलात तर ‘खून’, ‘खुनाचा’ मिळतीलच, पण त्यांच्याबरोबर खान, खाना, खानावळ आणि अख्खा खानदेशही येईल. त्यापेक्षा ‘खून’ आणि ‘खुन’ अशी दोन टोके वेगवेगळी देऊन दोन्हींना तारांकन लावणे बरे. तशीही व्हॉट्सॲपवर ऱ्हस्व-दीर्घ कोण पाळतो! ‘जमिन’ आणि ‘खुन’ लिहिणारे पैशाला पासरी आहेत, त्यामुळे दुसरे टोक शुद्धलेखनाच्या नियमासाठी लागते तितकेच अशुद्धलेखनासाठीही लागते.

याच्याही खाली एक थर आहे. पडद्यावर अगदी एकसारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असू शकतात. जमिनीच्या फसवणुकीत हमखास येणारा ‘सातबाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य तीन तऱ्हांनी टंकता येतो: युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) ०९३१ क्रमांकाच्या ऱ ने, साध्या र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक टाकून. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात, सॉफ्टवेअर ते करत असेल तर. तिसरी होत नाही, तो अदृश्य जोडक तसाच राहतो. शिवाय हे ज्याला जमले नाही तो सरळ रफार देऊन ‘सातबार्यावर’ लिहितो. ‘ॲडव्हान्स’चेही तेच. २००८ साली ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या सवयीचे लोक अ वर चंद्र देतात, आणखी काही जण हिंदीतला ऍ वापरतात. वाचताना तिन्ही ‘ॲडव्हान्स’च, पण सूचीत तीन वेगळे शब्द. ‘२१४’ हा गट क्रमांक देवनागरी आकड्यांत एक आणि इंग्रजी आकड्यांत दुसरा. मोबाइल नंबर शोधायचा नमुना फक्त इंग्रजी आकड्यांसाठी लिहिला असेल तर मराठी कीबोर्डवरून टंकलेला नंबर निसटलाच.

डिस्कवर पुसलेल्या फायलींचे जे अवशेष उरतात त्यांत फाइल म्हणून उघडण्यासारखे काही नसते. तिथे कच्च्या बाइटांतच शोधावे लागते. युनिकोडची अक्षरे बाइटांत मांडण्याच्या यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ अशा दोन पद्धती आहेत. ‘शेत’ हा शब्द यूटीएफ-१६ मध्ये साठवला तर ६ बाइट होतात: ३६ ०९ ४७ ०९ २४ ०९. तोच यूटीएफ-८ मध्ये ९ बाइटांचा होतो आणि आकडे पूर्ण बदलतात. व्हॉट्सॲपसारखी ॲप ज्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये संदेश ठेवतात तिथे बहुधा यूटीएफ-८ असते, विंडोजच्या बऱ्याच अंतर्गत नोंदींत यूटीएफ-१६. शोधाच्या खिडकीत एकाच पर्यायावर टिचकी मारलेली असेल तर निम्मे क्षेत्र धुंडाळलेलेच नसते. इंग्रजी शब्दाला ही चूक बेताचीच नडते, कारण इंग्रजी अक्षराचा बाइट यूटीएफ-८ मध्ये आणि जुन्या सांकेतिकेत एकच असतो. ती सवलत आपल्याला नाही.

सर्वांत वाईट अवस्था जुन्या फॉन्टांतल्या मजकुराची आहे. क्रुतीदेव, श्री-लिपी, आयएसएमचा सुरेख यांत टंकलेली दस्तऐवजांची बाडे आजही डीटीपीवाले, टंकलेखक आणि जुनी कार्यालये यांच्या संगणकांत पडून आहेत. त्या फायलींत मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. क्रुतीदेवमध्ये ‘खून’ साठवला जातो तो असा: उघडणारा चौकटी कंस, मग इंग्रजी के, डब्ल्यू, यू. सूची बनवणारे सॉफ्टवेअर कंसाला विरामचिन्ह समजून टाकून देते, आणि उरतो के-डब्ल्यू-यू हा निरर्थक शब्द. मोठी आणि छोटी इंग्रजी लिपी एकच धरण्याची सवय इथे आणखी घात करते: छोटा डी म्हणजे क, मोठा डी म्हणजे अर्धा क. यावर उपाय आहे. दस्तऐवज युनिकोडमध्ये बदलत बसण्याऐवजी शोधशब्दच त्या फॉन्टच्या अक्षरांत बदलून घ्यायचा, आणि सूचीऐवजी कच्चा शोध लिपीभेद पाळून चालवायचा. तास-दोन तासांचे काम आहे. पण ते करायचे असते हे मनात यायला आधी फायलीत कोणता फॉन्ट नमूद आहे ते पाहावे लागते.

घरगुती साधनांचा धोका वेगळा. छोट्या तपासासाठी पायथॉन या संगणकभाषेत चार ओळी लिहून सूची बनवण्याची पद्धत आहे, आणि त्यात शब्द पाडायला तिच्याबरोबर येणाऱ्या, मजकूर शोधायच्या रे-मॉड्यूलचा ‘शब्दाक्षर’ नमुना सर्रास वापरतात. तो नमुना मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. ‘शेत’ दिले तर तो ‘श’ आणि ‘त’ असे दोन तुकडे परत देतो. प्रोग्राम कुठेही अडखळत नाही की चूक दाखवत नाही. सूची पूर्ण होते आणि तिच्यात मात्रा-वेलांटीचा एकही धड मराठी शब्द नसतो.

रोमन मराठीचे काय सांगावे! ‘झालं’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना झ साठी चार पर्याय, आ साठी दोन, शेवटच्या स्वरासाठी निदान तीन. म्हणजे एका शब्दाची २४ रूपे. शिथिल शोध, म्हणजे एक-दोन अक्षरे चुकली तरी चालेल असा शोध, इथे उपयोगी पडतो. पण चार अक्षरांच्या शब्दाला दोन चुकांची मुभा दिली की कचऱ्याचा ढीग होतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतो, चित्र असते. अक्षरओळख चालवली नाही तर ती फाइल सूचीत नावापुरती चढते, आणि चालवली तरी ३०० डीपीआयपेक्षा (इंचाला ३०० ठिपक्यांपेक्षा) कमी स्पष्टतेच्या स्कॅनमध्ये घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल होते. हाताने लिहिलेल्या हिशेबाच्या वहीचा फोटो तर सोडूनच द्या. पासवर्ड लावलेली झिप उघडत नाही. वर्डची डॉक्स फाइल ही मुळात झिपच असते, त्यामुळे कच्च्या शोधात तिच्यातला एकही शब्द दिसत नाही. व्हॉइस नोट हा तर आवाज, आणि व्हॉट्सॲपवर टंकण्यापेक्षा बोलणे पसंत करणारे पुष्कळ आहेत. यांतल्या उघडता न आलेल्या फायलींची यादी चांगले सॉफ्टवेअर सूची बनवतानाच देते. अहवालाला ती जोडायला एक कळ दाबावी लागते, एवढेच.

हे सगळे सूक्ष्म तांत्रिक खुसपट आहे, निष्णात माणसाच्या नजरेतून सुटत नाही, असे कोणी म्हणेल. १९८५ साली अमेरिकेत ब्लेअर आणि मॅरन या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मोठ्या दाव्यातले सुमारे ४०,००० दस्तऐवज, साडेतीन लाखांच्या आसपास पाने. अनुभवी वकील आणि त्यांचे साहाय्यक शब्द देत होते, संगणक शोधत होता. वकिलांची खात्री होती की उपयोगाचे ७५ टक्के दस्तऐवज हाती आले. प्रत्यक्षात हाती आले होते २० टक्क्यांच्या आसपास. दावा रेल्वे अपघाताचा होता, पण बचाव पक्षाच्या माणसांनी ‘अपघात’ हा शब्दच टाळला होता. त्यांच्या कागदांत ‘घटना’ होती, ‘प्रसंग’ होता, ‘अडचण’ होती. आपल्याकडेही लाच घेणारा ‘लाच’ असे कुठे लिहितो? तो चहापाणी लिहितो, वजन लिहितो, आणि मुंबईत पेटी-खोका लिहितो. यातला कोणता शब्द शोधायचा हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. आरोपीचे पन्नास-शंभर संदेश आधी साधेपणाने वाचून त्याची भाषा ऐकावी लागते, आणि मग यादी बनवावी लागते. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. यादी आधीच मागणीपत्रातून आलेली असते.

फ्लोरिडातला केसी अँथनी खटला दोन्ही बाजूंचा धडा आहे. स्वतःच्या मुलीच्या खुनाच्या आरोपातून २०११ साली केसीची सुटका झाली. खटल्यात सरकार पक्षाने सांगितले होते की घरच्या संगणकावर क्लोरोफॉर्मविषयीचे एक पान ८४ वेळा पाहिले गेले. नंतर दिसले की ते एकदाच पाहिले होते. ८४ हा आकडा दुसऱ्याच संकेतस्थळाचा होता, सॉफ्टवेअरने नोंदींचा चुकीचा अर्थ लावला होता. २०१२ च्या अखेरीस आणखी एक गोष्ट बाहेर आली. मृत्यूच्या दिवसापुरता तपास पथकाने फक्त इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचा इतिहास काढला होता. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरच्या १,२०० हून अधिक नोंदी कोणी पाहिल्याच नव्हत्या, आणि त्यांत मृत्यूच्या दिवशी गुदमरण्याविषयी केलेला एक शोध होता. गंमत म्हणजे त्या शोधात ‘गुदमरणे’ याचे इंग्रजी स्पेलिंग चुकलेले होते, त्यामुळे अचूक स्पेलिंग टाकून शोधले असते तरी तो सापडला नसता. एकाच तपासात एक चूक आरोपीच्या विरुद्ध गेली, दुसरी तिच्या बाजूने, आणि खटला संपेपर्यंत निकाल देणाऱ्यांना दोन्हींची नीट कल्पना नव्हती.

आपल्या कायद्याने या बाजूला फारसे पाहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण ताब्यात असणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश किंमत, म्हणजे सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेला ठसा, लिहायची असते, शा-१, शा-२५६, एमडी-५ यांपैकी की अन्य कोणत्या पद्धतीची ते नमूद करून. प्रमाणपत्राशिवाय चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात जुन्या ६५ब कलमाबाबत ठणकावून सांगितले होतेच. हे योग्यच आहे. पण हॅश सांगते ते इतकेच की प्रत मूळ डिस्कशी तंतोतंत जुळते. त्या प्रतीत कसे आणि किती शोधले, याबद्दल ती मुकी आहे. त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. न्यायालय त्याला बोलावू शकते, पण उलटतपासणीत विचारायचे काय हे अहवालातून दिसायला तर हवे! ‘कोणत्या सांकेतिकेत शोधले?’ हा प्रश्न वकिलाला सुचणार कुठून?

अमेरिकेत मेरीलँडच्या संघीय न्यायालयाने २००८ साली व्हिक्टर स्टॅनली प्रकरणात या मुद्द्यावर बोट ठेवले. तो दिवाणी दावा होता. एका पक्षाने सुमारे ७० शब्दांची यादी लावून आपले गोपनीय दस्तऐवज बाजूला काढले, तरी असे १६५ दस्तऐवज विरुद्ध बाजूला गेले. ते परत मागताना त्या पक्षाला सांगता आले नाही की शब्द कोणी निवडले, का निवडले, आणि निकाल तपासायला नमुना चाचणी केली का. न्यायालयाने गोपनीयतेचा हक्क गेल्याचे ठरवले. शब्द शोधला एवढे म्हणणे पुरेसे नाही, शोध वाजवी होता हे शोधणाऱ्याने दाखवायचे असते, हा त्यातला आशय आपल्याला फौजदारीत जास्तच लागू पडावा.

मग टिपणात काय असावे? साधनाचे नाव आणि आवृत्ती, सूची बनवताना निवडलेले पर्याय, आणि वगळलेल्या सामान्य शब्दांची यादी. हे शेवटचे विसरू नये, कारण ‘आणि’, ‘ला’ यांसारखे शब्द गाळणाऱ्या सूचीत वाक्प्रयोग शोधताना विचित्र गोष्टी होतात. प्रत्येक शोधशब्द जसा टाकला तसा, त्याच्या सर्व रूपांसह आणि हिटच्या, म्हणजे तो किती ठिकाणी सापडला त्याच्या, संख्येसह. उघडता न आलेल्या फायली. अक्षरओळख कुठे चालवली, कुठे नाही. आणि एक लहानशी नमुना चाचणी: ज्या फायलींत एकही हिट नाही त्यांतल्या ३०० यादृच्छिक निवडून माणसाने वाचायच्या. त्यांत संबंधित असे काहीच निघाले नाही तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की उरलेल्यांत संबंधित फायलींचे प्रमाण १ टक्क्याहून जास्त नसावे. ४०,००० फायलींत १ टक्का म्हणजे ४०० फायली होतात हेही तिथेच लिहावे, म्हणजे खात्री किती याचा अंदाज न्यायाधीशांना येईल.

प्रयोगशाळेने स्वतःकडे एक चाचणी पेन ड्राइव्हही ठेवावा. त्यात वर सांगितलेल्या प्रत्येक अडचणीची एकेक फाइल: तिन्ही तऱ्हेचा ऱ्य, क्रुतीदेवमधली चिठ्ठी, स्कॅन केलेला सातबारा, पुसून टाकलेली यूटीएफ-१६ फाइल. साधनाची आवृत्ती बदलली की आधी हा ड्राइव्ह चालवायचा आणि काय सापडले, काय निसटले ते नोंदवायचे. अमेरिकेची निस्ट ही मानकसंस्था शब्दशोधाच्या साधनांच्या अशा चाचण्या घेते. मराठीचा संच आपणच बनवावा लागेल.

यावरचा सगळ्यात रास्त आक्षेप कामाच्या ढिगाचा आहे. जप्त मोबाइल येतच राहतात आणि अहवालाची घाई असते, हे खरे. पण टिपणाचा मोठा भाग सॉफ्टवेअर स्वतःच लिहिते, फक्त तो निर्यात करायचा असतो. ३०० फायली वाचायला मात्र एका माणसाचा अख्खा दिवस जातो, ते नाकारण्यात अर्थ नाही. सरसकट सर्व प्रकरणांत नको, जिथे ‘मिळून आले नाही’ या वाक्यावर कोणी अवलंबून आहे तिथेच करा.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. शब्द वाढवले की माणसाच्या मोबाइलमधले सगळेच उपसले जाईल. आम्हाला नेमके उलट वाटते. शोधशब्दांची नोंद नसते तेव्हाच उपसायला मोकळे रान असते. जमिनीच्या गुन्ह्यात कोणी आरोपीच्या बायकोच्या आजारपणाचे शब्द शोधले, तर ते टिपणातच दिसेल, आणि का शोधले हे विचारता येईल.

या पद्धतीने लिहिलेला शेवटचा परिच्छेद साधारण असा दिसेल: ‘प्रतिमेतील ५२,३०० फायलींपैकी ४७,९०० फायलींचा मजकूर सूचीत आला. ३,१०० स्कॅन व फोटोंवर अक्षरओळख चालवली. २०० कूटबद्ध फायली उघडता आल्या नाहीत, यादी परिशिष्ट ३ मध्ये. परिशिष्ट १ मधील ४३ शब्दरूपे युनिकोड, क्रुतीदेव व रोमन लिपीत, वाटप न झालेल्या (पुसलेल्या फायलींच्या अवशेषांच्या) जागेसह शोधली. हिट नसलेल्या ३०० फायली वाचल्या. या मर्यादेत संबंधित मजकूर मिळून आला नाही. १,१०० व्हॉइस नोट ऐकलेल्या नाहीत.’